ड्रायव्हर टाकून देऊ नका!



गेल्या महिनाभरात या ब्लॉगवर काही लिहिणं झालं नाही. दोघातिघांनी फोन करून प्रकृती विचारली. प्रकृती उत्तम आहे. आजारी होता तो कॉम्प्युटर, आणि त्याला आजारी पाडणारा मीच. ती हकीकत सांगतोच, पण आज नुसती हकीकत सांगायला बसलेलो नाही. आज मला भांडायचं आहे. ज्यांच्याशी भांडायचं त्यात काही नातेवाईकही आहेत. त्यांनी राग मानू नये. मानला तरी हरकत नाही, पण शेवटपर्यंत वाचावं.

तर झालं असं. आमचा नातू यंदा नववीत आहे. हिंगोलीतच, मराठी माध्यमात. दिवाळीच्या सुट्टीत तो गावी शेतावर गेला होता. आमच्याकडे हळद असते, आणि हळद म्हटलं की ठिबक आलं. त्याने चुलत्याला विचारलं, "काका, ठिबक किती वेळ चालवायचं हे तुम्ही कशावरून ठरवता?" चुलत्याने खरं उत्तर दिलं, "लाईट असेपर्यंत." पोराच्या डोक्यात ते बसलं. वरची माती कोरडी दिसते, खाली ओल असते, आणि आपण अंदाजाने पाणी सोडतो. मग ओल मोजता येणार नाही का? शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी त्याने हाच विषय घेतला.

त्यासाठी त्याने एक बोर्ड मागवला. आर्डुइनो नॅनो म्हणतात तसला. आगपेटीहून लहान, निळा, दोन्ही बाजूंनी पाय फुटलेला. अस्सल नव्हे, त्या बनावटीचा चिनी. सोबत मातीत खुपसायचा दोन दातांचा सेन्सर. मातीच्या ओलाव्यानुसार सेन्सर कमीजास्त व्होल्टेज देतो, बोर्ड त्याचा ० ते १०२३ मधला एक आकडा करतो, आणि त्या आकड्यावरून पाणी सोडायचं की थांबवायचं ते ठरवायचं. कल्पना इतकी साधी की मलाही कळली. दोनतीनशे रुपयांचा मामला. खोक्यात बोर्ड आणि एक केबल. कागद? एक चिटोरंसुद्धा नाही. अहो, दोन रुपयांच्या जुलाबाच्या गोळीवर बारीक अक्षरांत का होईना, काहीतरी छापलेलं असतं!

बोर्ड जोडला आणि त्यावरचा छोटा दिवा लुकलुकायला लागला. आजी-आजोबांनी टाळ्या वाजवल्या. पोरगं मात्र तोंड पाडून बसलं. "आबा, काहीच होईना गेलंय. कॉम्प्युटरला बोर्ड दिसंना."

इथंच घोडं पेंड खायला लागलं, आणि पुढे बारा दिवस खात राहिलं.

त्या बारा दिवसांत आम्हाला मदत करायला निघालेले लोक आणि त्यांची उत्तरं आधी सांगतो, कारण भांडण त्यांच्याशी आहे.

पहिले गृहस्थ कॉम्प्युटर दुरुस्तीवाले. म्हणाले, "गुरुजी, ठेवून जा. फॉरमॅट मारावं लागेल." काय बिघडलंय ते विचारलंच नाही. पोटदुखीला पोट कापण्याचा सल्ला!

दुसरा माझा पुण्याचा पुतण्या. हा ब्लॉग तो नेमाने वाचतो आणि चुकाही काढतो. "काका, तुम्ही कशाला त्रास घेता? मला रिमोट द्या, दोन मिनिटांत ड्रायव्हर टाकून देतो." नंतर म्हणाला, "नाहीतर बोर्डाचं सोडा, आता ब्राउझरमध्येच सिम्युलेटर आहेत, तिथं दिवा लावा." मग म्हणाला, "लिनक्स टाका, तिथं ड्रायव्हरच लागत नाही."

तिसरे एक शाळाप्रमुख, माझे जुने सहकारी. म्हणाले, "आमच्या शाळेत असले बोर्ड पेटीभर आलेत. पण पोरांच्या हाती दिले तर जळतील. प्रदर्शनाच्या आधी एक जण येतो आणि सगळं जोडून देतो."

तिघांचंही मन चांगलं. तिघांच्याही तोंडी एकच क्रियापद: करून देतो, टाकून देतो, जोडून देतो. त्या 'देतो'वर माझा आक्षेप आहे. ड्रायव्हर टाकून देऊ नका, मंडळी! पोराला टाकू द्या.

आता ड्रायव्हर म्हणजे काय, हे आमच्या नातेवाईक वाचकांसाठी. त्या बोर्डावरच्या मुख्य चिपला यूएसबीची भाषा येत नाही. तिला जुनी सिरियल भाषा येते, एकामागून एक ठोके देण्याची. म्हणून बोर्डावरच मध्ये एक छोटी चिप बसवलेली असते, जी यूएसबीचं सिरियल आणि सिरियलचं यूएसबी करते. ही चिप अनेक कंपन्या बनवतात. अस्सल नॅनोवर एफटीडीआय नावाच्या कंपनीची असायची. स्वस्तातल्या बोर्डांवर सीएच ३४० नावाची चिनी चिप असते. त्या चिपशी कसं बोलायचं, हे विंडोजला सांगणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. गाडी चालवणारा ड्रायव्हर डोक्यातून काढून टाका. हा दुभाषी आहे, दुभाषी!

आणि दुभाषी म्हटलं की मला माझे वडील आठवतात.

आमचा भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कचेरीची भाषा उर्दू. घरात मराठी, शेतात मराठी, आणि जमिनीच्या कागदांपासून समन्सापर्यंत सगळा कारभार उर्दूत. वडील थोडं शिकले तेही उर्दूतच. पण आजोबांना अक्षर येत नव्हतं. कचेरीतून कागद आला की तो घेऊन अर्जनवीसाकडे जायचं. तो वाचून दाखवील ते खरं. तो लिहील त्यावर अंगठा. वडील सांगायचे, अर्जनवीस माणूस वाईट नव्हता, चहा पाजायचा. पण त्याने आजोबांना कधी एक अक्षर शिकवलं नाही. कशाला शिकवील? दुभाष्याच्या हाती दोन्ही दारांच्या किल्ल्या असतात.

आजचा आपला 'टाकून देतो'वाला हा मला त्या अर्जनवीसाचा नातू वाटतो. भला आहे, चहाही पाजतो. पण तो गेला की आपण पुन्हा अंगठेबहाद्दर.

हे दुभाष्याचं प्रकरण साधं नाही, याचा एक दाखला देतो. २०१४ च्या ऑक्टोबरात त्या एफटीडीआय कंपनीचा नवा ड्रायव्हर विंडोजच्या अपडेटमधून लोकांच्या कॉम्प्युटरवर आला. त्या कंपनीच्या चिपच्या नकली प्रती बाजारात फार झाल्या होत्या. नव्या ड्रायव्हरने काय करावं? नकली चिप दिसली की तिच्यातला ओळख क्रमांकच शून्य करून टाकला. कॉम्प्युटर तिला ओळखेनासा झाला. वस्तू विकत घेणाऱ्याला ती नकली आहे याचा पत्ता नाही, आणि एका सकाळी ती मुकी! ओरड झाल्यावर कंपनीने तो ड्रायव्हर मागे घेतला. कंपनीची तक्रार खोटी नव्हती. पण ज्यांना ड्रायव्हर म्हणजे काय हे ठाऊक होतं, त्यांनी दोन दिवसांत कारण शोधलं. ज्यांना ठाऊक नव्हतं, त्यांनी बोर्ड केराच्या टोपलीत टाकला असणार.

असो. आमच्या बारा दिवसांकडे येतो.

मी नातवाला म्हटलं, "तुझा आबा मराठी घेऊन बी.ए. झालेला आहे. मला यातलं ओ की ठो कळत नाही. आपण दोघं मिळून अडाणी आहोत. बस शेजारी." एक वही केली. काय केलं, काय झालं, रोज लिहायचं.

पहिले दोन दिवस केबलने खाल्ले. खोक्यातली केबल ढिली होती, म्हणून नातवाने घरातली जुनी दुसरी लावली. दिवा लागायचा, कॉम्प्युटर मात्र ढिम्म. तिसऱ्या दिवशी कळलं की काही केबली नुसत्या चार्जिंगच्या असतात. आत चारऐवजी दोनच तारा, फक्त वीज नेणाऱ्या. बोलणं नेणाऱ्या दोन तारा नाहीतच. खोक्यातलीच केबल नीट दाबून बसवली आणि कॉम्प्युटरने पहिल्यांदा 'टुंग' केलं. आमच्या सौ. स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "कोण आलं?"

मग सॉफ्टवेअर. नव्या आवृत्तीने आमच्या कॉम्प्युटरवर पाय ठेवायलाच नकार दिला. तिला किमान विंडोज १० लागतं, तेही ६४ बिटवालं. आमचं विंडोज ७. म्हणजे जुनी १.८.१९ ही आवृत्ती शोधणं आलं. ती सापडली, शंभर एमबीच्या वर. मोबाईलच्या नेटवर उतरवताना दोनदा तुटली. बसवताना तिने विचारलं, ड्रायव्हरही टाकू का? टाक म्हटलं. तरी बोर्ड दिसेना! कारण ते ड्रायव्हर अस्सल बोर्डांचे. आमच्या चिनी चिपचा दुभाषी त्यात नव्हता. 'ड्रायव्हर टाकला' असं म्हणून चालत नाही. कुणाचा टाकला, हे विचारावं लागतं.

यानंतरचा गुन्हा माझा. नातू शाळेत गेला असताना मीच उत्साहाने ड्रायव्हर शोधायला बसलो. एका पानावर भलंमोठं हिरवं बटण दिसलं, दाबलं. ते ड्रायव्हरचं नव्हतं, जाहिरातीचं होतं. त्यातून जे उतरलं त्याने कॉम्प्युटर असा काही धरला की ब्राउझर उघडला की भलतंच पान, आणि कोपऱ्यात दर पाच मिनिटांनी 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये अमुक इतके दोष आहेत, पैसे भरा'. ते काढण्यात तीन दिवस गेले. संध्याकाळी नातवाने सगळं ऐकून घेतलं आणि वहीत लिहिलं, 'हिरवं बटण दाबू नये.' आबांचं नाव लिहिलं नाही. संस्कार हो, दुसरं काय!

शेवटी चिप बनवणाऱ्या कंपनीच्याच साईटवरून ड्रायव्हर घेतला. छोटीशी खिडकी, इन्स्टॉलचं एक बटण. आम्ही बोर्ड न जोडताच दाबलं, तर निरोप आला, ज्याचं शब्दशः मराठी 'ड्राइव्ह यशस्वीरीत्या आगाऊ पूर्व-स्थापित झाली' असं होईल. चाळीस वर्षं मुलांच्या वह्या तपासलेल्या माणसाने त्या वाक्याखाली लाल रेघ ओढलीच पाहिजे. पण अर्थ लागला. दुभाषी येऊन बसलाय, पाहुणे यायचेत. बोर्ड जोडला. डिव्हाइस मॅनेजरमधलं पिवळं त्रिकोणी चिन्ह गेलं, आणि तिथं 'कॉम ५' अशी नोंद आली. नातू खुर्चीवरून उडालाच.

आनंद पाऊण तास टिकला. प्रोग्राम बोर्डात पाठवला की नारिंगी अक्षरांत तीच ओळ दहा वेळा यायची, बोर्डाशी सूर जुळत नाही या अर्थाची. याचं कारण मात्र नातवानेच शोधलं. नॅनोच्या चिपमध्ये प्रोग्राम स्वीकारणारा एक छोटा द्वारपाल असतो, बूटलोडर. २०१८ पासून अस्सल बोर्डांवर नवा द्वारपाल आला, तो बोलतो जास्त वेगाने. स्वस्तातल्या बऱ्याच बोर्डांवर अजून जुनाच आहे, सावकाश बोलणारा. यादीतून 'ओल्ड बूटलोडर' निवडायचं, बस. निवडलं, पाठवलं, गेलं!

आणि दिवा लुकलुकत होता.

पण दिवा तर पहिल्या दिवसापासूनच लुकलुकत होता की! आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या तो कारखान्यात भरून पाठवलेला प्रोग्राम होता. असले बोर्ड बहुधा तो प्रोग्राम भरूनच येतात. आमचं खरंच गेलं की नाही, कसं कळणार? नातवाने प्रोग्राममधला १००० हा आकडा खोडून १०० केला. पुन्हा पाठवला. दिवा थरथरायला लागला, काजव्यासारखा. "आबा, हा आपला दिवा!"

मंडळी, या एका वाक्यासाठी मी आजचा लेख लिहितोय. मी विज्ञान प्रदर्शनं आयुष्यभर पाहिली. परीक्षक म्हणून बसलो. टेबलावर दिवे लुकलुकत असतात, पाहुणे वाकून बघतात, मूल पाठ केलेली चार वाक्यं म्हणतं, फोटो निघतो. त्यातले किती दिवे कारखान्यातून लुकलुकत आले आणि किती मुलांचे? परीक्षकाने फक्त एवढंच म्हणावं, "बाळ, जरा आकडा बदलून दाखव." ज्याला कुणी सगळं टाकून दिलेलं आहे, ते मूल तिथंच रडवेलं होईल. चूक त्याची नाही. चूक टाकून देणाऱ्याची.

आता पुतण्याच्या मुद्द्यांना उत्तर, म्हणजे पुन्हा फोनवर वाद नको.

तो म्हणतो, नव्या विंडोजवर हा ड्रायव्हर बहुतेक वेळा आपोआप येतो, काका, तुमचं विंडोजच जुनाट आहे. खरं आहे. पण खेड्यापाड्यांतल्या शाळांत आणि घरांत कुठली यंत्रं असतात? शहरात ज्यांचं आयुष्य संपलं ती. जिथं सगळं आपोआप होतं तिथल्या माणसाने, जिथं होत नाही तिथल्या मुलाला 'सोपं आहे रे' म्हणू नये.

तो म्हणतो, लिनक्स घ्या. घेऊ की! त्यात सीएच ३४० चा ड्रायव्हर आधीच असतो, हेही खरं. पण तिथंही पोर्ट वापरायची परवानगी वेगळी द्यावी लागते. आणि उबुंटूच्या २२.०४ या आवृत्तीत अंधांच्या ब्रेल यंत्रासाठी असलेला एक प्रोग्राम या चिपलाच ब्रेल यंत्र समजून पोर्ट बळकावून बसायचा. म्हणजे दुभाष्याची भानगड तिथंही आहेच. भाषा बदलली म्हणून व्याकरण सुटत नाही.

सिम्युलेटरबद्दल मात्र माझं भांडण नाही. पहिल्या दोन संध्याकाळी उत्तम. केबल नाही, खर्च नाही, काही जळत नाही. पण सिम्युलेटरमध्ये हळदीचं वावर नाही. सेन्सरचे दात ओल्या मातीत महिनाभर राहिले की गंजतात, आणि मग आकडा खोटं बोलायला लागतो, हे पडद्यावर दिसत नाही.

शाळाप्रमुख मित्राला उत्तर देण्याआधी मला स्वतःच्या गळ्यात एक माळ घालून घ्यायची आहे.

मी नोकरीत असताना आमच्या शाळेला एक सूक्ष्मदर्शक मिळाला. विज्ञानाचे मास्तर बदलून गेले आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे आली. डेड स्टॉक रजिस्टरला नोंद होती. फुटला, हरवला तर जबाब द्यावा लागेल, ही भीती. मी तो वर्षातून एकदा, तपासणीच्या दिवशी काढायचो. टेबलावर ठेवायचो, कांद्याचा पापुद्रा मीच लावायचो, भिंगही मीच जुळवायचो, आणि मुलं रांगेने येऊन एक डोळा लावून जायची. सातवीतली एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, मी फिरवून बघू?" मी म्हटलं, "हात लावायचा नाही." ती गेली. मी निवृत्त झालो तेव्हा सूक्ष्मदर्शक नव्यासारखा होता. मी तो अभिमानाने चार्जमध्ये दिला. तिच्याहून थोड्याच मोठ्या नातवाच्या शेजारी बसून बारा दिवस झगडताना मला तो आवाज रोज ऐकू आला. डेड स्टॉक म्हणजे काय ते मला आत्ता कळलं.

म्हणून मित्रा, तुझ्या पेटीबद्दल बोलायचा अधिकार मला आहे, कारण ते कुलूप मीही लावलेलं आहे. अटल टिंकरिंग लॅबसाठी शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. २०२५ च्या अर्थसंकल्पात पुढच्या पाच वर्षांत सरकारी शाळांत आणखी ५०,००० लॅब काढण्याची घोषणा झाली. चांगलंच आहे, योजनेला मी नावं ठेवत नाही. पण पेट्या मोजता येतात तसे जळलेले बोर्डही एकदा मोजा, आणि ज्या शाळेत एकही बोर्ड जळला नाही त्या शाळेला जाब विचारा. दोनशे रुपयांचा बोर्ड जळला तर दोनशे रुपये गेले. हात लावू न दिलेलं मूल गेलं, त्याची नोंद कुठल्या रजिस्टरला?

"पण मराठी माध्यमाच्या पोरांना हे इंग्रजी झेपत नाही," हे वाक्यही मला या बारा दिवसांत चार जणांनी ऐकवलं. इथं माझं डोकं फिरतं. पोराला प्रोग्रामातले चारपाच इंग्रजी शब्द एका संध्याकाळी आले. अडलं ते कुठं? केबल, आवृत्ती, दुभाषी, द्वारपाल. यातलं काहीही अवघड नव्हतं. ते त्याला कळेल अशा भाषेत त्याच्यासमोर आलं नव्हतं, एवढंच. ज्या निजामाला आम्ही नावं ठेवतो, त्याच्याच राज्यात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं आणि तिथं विज्ञान, डॉक्टरी, इंजिनिअरिंग सगळं उर्दूत शिकवलं जायचं. त्यासाठी भाषांतराचं स्वतंत्र खातं होतं. म्हणजे भारतीय भाषेत शास्त्र शिकवता येतं हे आमच्याच मातीत सिद्ध झालेलं आहे. फक्त ती भाषा आमच्या आजोबांची नव्हती.

आणि हा बोर्ड तरी कुणासाठी जन्मला? २००५ च्या सुमारास इटलीत इव्रेआ या गावी, एका डिझाईनच्या संस्थेत. इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या, कलाशाखेकडच्या विद्यार्थ्यांना वापरता यावा म्हणून. नाव ठेवलं तिथल्या बारवरून, आणि बारचं नाव तिथल्या एका जुन्या राजावरून. त्यांनी बोर्डाचा आराखडाही जगाला खुला ठेवला, म्हणून तर तो आमच्यापर्यंत दोनतीनशे रुपयांत पोहोचतो. म्हणजे तो माझ्यासारख्या बी.ए.वाल्यांसाठीच आहे! इटलीपासून हिंगोलीपर्यंतचं दार उघडं आहे, आणि शेवटच्या उंबऱ्यावर आपलेच लोक म्हणतात, थांब, मी करून देतो.

आता थोडं मोठं बोलतो. आमच्या जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला लायगो-इंडिया ही वेधशाळा व्हायची आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चारचार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या रुंदीहूनही हजारो पटींनी बारीक असा फरक पडला तर तो टिपायचा. २०१५ साली अमेरिकेत अशाच यंत्रांनी पहिल्यांदा गुरुत्वीय लहर पकडली. अशा ठिकाणी मोठे शास्त्रज्ञ येतील, यावेतच. पण तिथं असंख्य सेन्सर लागतील, केबली लागतील, आणि कुठला सेन्सर का बोलत नाही हे शोधणारी, वही ठेवणारी, धीराची माणसं लागतील. ती माणसं औंढ्याची, कळमनुरीची, सेनगावची का नसावीत? की आमच्या पोरांनी फक्त फाटकावर उभं राहून आलेल्या गाड्यांच्या नोंदी करायच्या?

जुन्या ब्लॉगर मित्रांना एक आठवण करून देतो. विंडोज एक्सपीवर मराठी दिसायची नाही, नुसते चौकोन! मग कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन त्या जटिल लिप्यांच्या चौकटीत खूण करायची, की तो एक्सपीची सीडी मागायचा. ती कुणाकडे असायची? कीबोर्डचं आणखी वेगळं. पण आपण काय केलं? आपल्यातल्या ज्याला जमलं त्याने मराठीत पायऱ्या लिहिल्या, त्या एकमेकांना पाठवल्या. मी साठीच्या आसपास त्या वाचून टंकायला शिकलो. कुणी माझ्या घरी येऊन टाकून दिलं असतं, तर पुढच्या कॉम्प्युटरवर मी पुन्हा चौकोनच बघत बसलो असतो. आज आपण मराठीत लिहितो आहोत, ते आपल्याला करून दिलेलं नाही, सांगितलेलं आहे.

तेच आता करू या. आमच्या वहीतल्या पायऱ्या अशा. छापून घ्या, शाळेत चिकटवा:

१. केबल चार्जिंगची नाही ना, पहा. जोडल्यावर कॉम्प्युटरने आवाज केला पाहिजे.

२. आपलं विंडोज कुठलं ते पहा. जुनं असेल तर सॉफ्टवेअरची १.८.१९ ही आवृत्ती घ्या.

३. बोर्डावरच्या यूएसबीजवळच्या छोट्या चिपवर काय लिहिलंय ते भिंगातून वाचा. सीएच ३४० असेल तर तिचा ड्रायव्हर बनवणाऱ्याच्याच साईटवरून घ्या.

४. हिरवं बटण दाबू नये.

५. डिव्हाइस मॅनेजर उघडा. पिवळं चिन्ह गेलं का? कॉमचा आकडा कुठला आला? तोच सॉफ्टवेअरमध्ये निवडा.

६. नॅनो असेल आणि सूर जुळत नसेल, तर 'ओल्ड बूटलोडर' निवडून पहा.

७. दिवा लुकलुकला म्हणून टाळ्या वाजवू नका. आकडा बदला. बदल दिसला तरच दिवा आपला.

या सात ओळींना आम्हाला बारा दिवस लागले. पुढच्या पोराला एक संध्याकाळ लागावी. यात चुका असतील, तर पुतण्याने त्या दुरुस्त कराव्यात. रिमोट न घेता, लिहून!

असो. बरंच ताणलं. सेन्सर आता अंगणातल्या तुळशीच्या कुंडीत खुपसलेला आहे. सौ. पाणी घालतात आणि नातू आकडा ओरडून सांगतो. रविवारी तो गावी जाणार आहे. चुलत्याने विचारलंय, "ते लावून देतोस का वावरात?" नातू म्हणाला, "लावून देत नाही काका, तुम्ही बसा सोबत."

ता. क. : शाळाप्रमुख मित्राचा काल फोन आला होता. लेखाचा विषय मी त्याला सांगितला. थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "पेटीची किल्ली शोधावी लागेल." म्हटलं, शोध. मी आणि नातू शनिवारी येतो. आम्ही काहीही जोडून देणार नाही.